शब्दांचे सांधे शोधणारा कोशकार

मनीषनगर हा शब्द नेमका कुठे फोडायचा? नागपूरच्या या वस्तीच्या नावातील ‘मनीष’ची ‘मन’ आणि ‘ईश’ अशी फोड करून ‘मनाचा स्वामी’ असा अर्थ सांगणारे पुष्कळ भेटतात. मग अखेरीस ‘ष’ कुठून आला, याचे उत्तर मात्र त्यांच्यापाशी नसते. मूळ शब्द ‘मनीषा’, म्हणजे बुद्धी किंवा इच्छा. सांधा चुकला की अर्थ चुकतो. इंग्रजी शब्दांना हेच सूत्र लावून एका विद्वानाने याच शहरात सुमारे दहा वर्षे कोशकार्याला वाहिली. ते म्हणजे डॉ. रघुवीर.

30 डिसेंबर 1902 रोजी रावळपिंडीत जन्मलेल्या रघुवीरांचे शिक्षण लाहोर, लंडन आणि हॉलंडमध्ये झाले. लाहोरला त्यांनी भारतीय संस्कृतीच्या अध्ययनासाठी ‘सरस्वती विहार’ ही संस्था उभारली. फाळणीची चिन्हे दिसू लागली तेव्हा, 1946 साली, ती नागपूरला आणली. मध्य प्रांत-वऱ्हाडची ही राजधानी. पुढे येथे हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा झाल्या. पण कारभार, न्याय, विज्ञान, सारे इंग्रजीत मुरलेले. मुख्यमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांचे पाठबळ रघुवीरांना लाभले.

ओळीच्या अखेरीस इंग्रजी शब्द तोडायची वेळ आली, की जुनी ब्रिटिश रीत ‘फोटो’पाशी आडवी रेघ देऊन ‘ग्राफी’ खालच्या ओळीत नेते. अमेरिकी कोश उच्चार पाहतात आणि ‘फोटॉग’पाशी तोडतात. रघुवीर मनाने पहिल्या पंथाचे. अवयव वेगळे केले की अर्थ उघडा पडतो, ही त्यांची श्रद्धा होती. ‘हायड्रोजन’ हा शब्द ‘हायड्रो’ आणि ‘जन’ असा सोडवला की पाणी निर्माण करणारा वायू समोर उभा राहतो. त्यांनी त्याला ‘उद्जन’ म्हटले. ‘उद’ म्हणजे पाणी, आणि ग्रीकमधला तो ‘जन’ तर संस्कृत ‘जन्’ धातूचाच सगोत्र! प्रत्येक वेळी इतका सुरेख योग जुळत नाही, हे खरे. तरीही सुमारे पाचशे धातू, वीस उपसर्ग आणि ऐंशी प्रत्यय यांतून लाखो शब्द घडवता येतील, असे त्यांचे गणित होते.

कुळ एक ठेवण्यावर त्यांचा कटाक्ष असे. ‘लॉ’, ‘बिल’, ‘लीगल’ यांचे नाते कानाला कळत नाही. ‘विधी’, ‘विधेयक’, ‘वैध’ म्हटले की ते कळते. कोशातले सारेच शब्द त्यांनी नव्याने घडवले असे नाही. महाराष्ट्रात सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ आधीच सुरू झाली होती.

चेष्टाही भरपूर झाली. ‘कंठलंगोट’सारखे विनोदी शब्द त्यांच्या नावावर खपवले गेले. मात्र सगळी टीका अन्यायाची नव्हती. ऑक्सिजनला ‘जारक’ आणि नायट्रोजनला ‘भूयाति’ हे शब्द व्युत्पत्ती जाणणाऱ्याला पटतील, विद्यार्थ्याच्या जिभेवर ते बसले नाहीत. मराठीने ‘प्राणवायू’ आणि ‘नत्र’ जवळ केले. सांधा नेमका असूनही शब्द चालत नाही, ही गोष्ट रघुवीरांनी पुरेशी मनावर घेतली नाही, असेच म्हणावे लागते.

शासकीय आणि शैक्षणिक शब्दांचा त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश 1955 साली नागपुरातूनच निघाला. पुढच्याच वर्षी राज्य पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि सरस्वती विहार दिल्लीला हलला. संविधान सभेचे आणि नंतर राज्यसभेचे सदस्य राहिलेल्या रघुवीरांनी चीनविषयक धोरणावरील मतभेदामुळे काँग्रेस सोडली व ते भारतीय जनसंघाचे अध्यक्ष झाले. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत डॉ. राममनोहर लोहियांच्या प्रचारासाठी निघाले असता, 14 मे 1963 रोजी कानपूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.