कॅरी साहेबांचे बिऱ्हाड

उपदेशकाची बदली झाली म्हणजे मंडळी निरोपाची सभा भरविते, हार घालते व प्रार्थना करते. त्या प्रार्थनेत उपदेशकाचे नाव येते. परंतु एका गावची चूल मोडून दुसऱ्या गावी ती मांडणाऱ्या त्याच्या पत्नीचे नाव क्वचितच घेतले जाते. डॉ. विल्यम कॅरी ह्यांचे चरित्र आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा सांगण्यात आले आहे. आज ते त्यांच्या बिऱ्हाडाच्या बाजूने सांगावे असे योजिले आहे.

कॅरी ह्यांचा जन्म इंग्लंडातील पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. त्यांचा बाप विणकर असून पुढे गावचा शाळामास्तर झाला. कॅरी स्वतः जोडे शिवण्याचे काम शिकले. १० जून १७८१ रोजी त्यांचे लग्न डॉरथी प्लॅकेट नामक बाईशी झाले. ही बाई पतीहून पाचसहा वर्षांनी वडील असून तिला लिहिता येत नव्हते. संसार गरिबीचा होता, आणि दोन मुली लहानपणीच वारल्या. अशा स्थितीत कॅरी जोडे शिवीत, शाळा चालवीत, भाषा शिकत व उपदेशही करीत. पुढे ते लेस्टर शहरी पाळक झाले. परदेशी सुवार्ता पाठविली पाहिजे हा त्यांचा ध्यास होता व त्यामुळे २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे मिशन सोसायटी स्थापन झाली.

१७९३ च्या जानेवारीत, बंगाल्यात राहून आलेल्या डॉ. जॉन टॉमस ह्यांजबरोबर हिंदुस्थानास जावयाचे असे कॅरी ह्यांनी ठरविले. डॉरथीबाई त्या वेळी गरोदर होत्या व पदरी तीन मुलगे होते. त्यांनी जाण्यास साफ नकार दिला. ह्यात त्यांची अश्रद्धाच होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. प्रवास पाच महिन्यांचा, फ्रान्सशी युद्ध पेटलेले, आणि गेलेली माणसे परत दिसतील ह्याचा काही भरवसा नव्हता. तेव्हा कॅरी आठ वर्षांच्या फेलिक्स ह्या वडील मुलास घेऊन निघाले. परंतु ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळे त्यांस जहाजावरून उतरावे लागले.

ह्या अवधीत डॉरथीबाई प्रसूत होऊन त्यांस चौथा मुलगा झाला. दुसरे जहाज मिळण्याचा योग येताच कॅरी व टॉमस त्यांच्याकडे गेले. बाईंनी पुन्हा नकार दिला. दोघे वाटेस लागले, परंतु टॉमस माघारी फिरले आणि आता न आल्यास जन्मभर पस्तावाल अशा अर्थाचे बोलून त्यांनी बाईंचे मन वळविले. बहीण किटी सोबत येत असेल तर येते, एवढी एकच अट बाईंनी घातली. घाईघाईने सामान विकले व बांधले गेले. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून हे कुटुंब निघाले व नोव्हेंबरात कलकत्त्यास पोहोचले.

येथे लवकरच पैसा संपला. थोड्या महिन्यांत बिऱ्हाड चार ठिकाणी हलविण्यात आले. डॉरथीबाई व फेलिक्स रक्ताच्या हगवणीने अंथरुणास खिळले. १७९४ च्या आरंभी ते सुंदरबनात गेले, तेथे कंपनीच्या शॉर्ट नावाच्या अधिकाऱ्याने त्यांस आसरा दिला. पुढे कॅरी ह्यांस उत्तरेस मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर दरमहा २०० रुपयांची नोकरी मिळाली. होडीतून सुमारे तीन आठवड्यांचा प्रवास करून ते तेथे गेले. किटी मात्र मागे राहिली व शॉर्ट साहेबांशी तिने लग्न केले. ज्या एका अटीवर डॉरथीबाई आल्या होत्या ती अशा रीतीने वर्षाच्या आतच सुटली.

त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हा मुलगा तापाने वारला. विटाळाच्या व बहिष्काराच्या भयाने त्याची कबर खणावयास कोणी येईना. मोठ्या प्रयासाने चार मुसलमान तयार झाले, तर गावाने त्यांच्याशी अन्नपाणी बंद केले. आपल्यापैकी ज्या मंडळ्यांनी असे बहिष्कार सोसले आहेत त्यांस ह्या दुःखाचा अर्थ सांगावयास नको.

त्यानंतर डॉरथीबाईंचे मन ढळले. पतीविषयी त्यांस विलक्षण संशय येऊ लागले व पुढेपुढे त्यांस खोलीत ठेवणे भाग पडे. शेजारच्या खोलीत कॅरी भाषांतर करीत बसत. अशी सुमारे बारा वर्षे गेली.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी बंगाल्यातील सेरामपूर येथे राहावयास गेले. हे त्या वेळी डॅनिश सरकारच्या ताब्यात होते. ह्या खेपेस स्थलांतर निराळ्या प्रकारचे झाले. मार्शमन, वॉर्ड व इतर सेवकांची कुटुंबे एकत्र राहिली, जेवण एका मेजावर, मिळकत एकाच तिजोरीत. हॅना मार्शमनबाईंनी कॅरींच्या हूड मुलांकडे आईच्या मायेने पाहिले आणि वॉर्ड ह्यांनी फेलिक्सला मार्गावर आणिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कृष्ण पाल ह्या सुताराबरोबर फेलिक्सचाही बाप्तिस्मा झाला. परंतु डॉरथीबाईंना हा आधार फार उशिरा लाभला. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्या निवर्तल्या.

कॅरी ह्यांच्या श्रमाचे फळ आपणांसही मिळाले आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश छापला, आणि मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत १८०५ सालीच निघाले. सतीची चाल बंद करणाऱ्या १८२९ च्या कायद्याचे बंगाली भाषांतर त्यांनीच केले. इंग्लंडास ते कधीही परत गेले नाहीत. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथेच त्यांनी देह ठेविला.

प्रिय उपदेशक बंधूंनो, कॅरी ह्यांस दोष देण्याकरिता हे लिहिले नाही. त्यांचे पाचारण खरे होते, त्याची साक्ष आपल्या हातातील शास्त्र देते. परंतु त्या पाचारणाची किंमत त्यांच्या घरात कोणी भरली हेही विसरू नये. तुम्हांस नव्या गावी जाण्याची आज्ञा होईल तेव्हा ती प्रथम पत्नीपुढे ठेवा व तिच्या उत्तरासाठी थांबा. भीती घालून मिळविलेला होकार हा होकार नव्हे. तिने एखादी अट घातली तर ती पाळा.

आणि मंडळीतील बंधुभगिनींनो, नवे बिऱ्हाड तुमच्या गावी येईल तेव्हा रविवारची वाट पाहू नका. त्याच सांजेस भाकरी व पाण्याची घागर घेऊन जा, मुलांची नावे विचारा, आजाऱ्यापाशी बसा. मदनाबाटीत डॉरथीबाईंस अशी एकही शेजारीण लाभली नाही. तुमच्या गावी येणाऱ्या बाईस ती लाभावी, हीच आमची प्रभूपाशी विनंती आहे.