ताराबाई मोडक

आज गांवोगांवीं अंगणवाड्या आहेत; परंतु त्यांचें मूळ आपल्या डहाणू तालुक्यांतील बोर्डी गांवीं आहे, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालीं प्रार्थना समाजाच्या एका सुधारक कुटुंबांत झाला. पदवीधर होऊन त्या राजकोट येथें स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या मुख्य झाल्या. ती मानाची नोकरी सोडून १९२३ सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत गेल्या. धाक न घालतां, हात, डोळे व कान यांच्या द्वारें मुलास शिकवावें, ही मॉन्टेसरी बाईंची रीत त्यांनीं तेथें आत्मसात् केली. पुढें १९३६ सालीं त्यांनीं दादरला शिशुविहार काढला.

परंतु हीं साधनें महाग. खेड्यांतील गरिबाच्या लेकरानें काय करावें? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देईना. १९४५ सालीं, वयाचीं पन्नास वर्षें उलटल्यावर, त्या बोर्डीस आल्या. त्याच वर्षीं तलासरीकडील झरी गांवीं वारली लोक वेठबिगारीविरुद्ध एकत्र जमले होते. अशा पिचलेल्या मुलखांत ताराबाईंनीं व त्यांच्या सहकारिणी अनुताई वाघ यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्राचें काम आरंभिलें. दलित वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. आधीं मुलांस न्हाऊं घालावें, केस विंचरावे. मग गाणीं व खेळ. महाग साधनांच्या जागीं शिंपले, खडे, बिया व पानें आलीं.

१९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारल्यांचीं मुलें गुरें राखीत. गुरें सोडून शाळेंत बसणें म्हणजे घरच्या भाकरीवर पाणी सोडणें. तेव्हां शिक्षकच गुरांमागें कुरणांत गेले, आणि कुरणशाळा सुरू झाली.

१९६२ सालीं सरकारनें ताराबाईंस पद्मभूषण दिलें. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या निवर्तल्या. अनुताईंनीं हें काम १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या मरणापर्यंत, चालविलें.

शाळा चालविणाऱ्या बंधुभगिनींनीं यांतून एक गोष्ट घ्यावी. शाळेचें आवार उजाड ठेवूं नये. पावसाच्या आरंभीं जांभूळ, मोह, पळस, करवंद अशीं आपल्याच रानचीं झाडें लावावीं. तीं वाढलीं म्हणजे पाखरें व फुलपाखरें आपण होऊन येतील. त्यांचीं नांवें गुरें राखणारें मूल कित्येकदां मास्तरांहून अधिक जाणतें. तीं त्याला सांगूं द्यावीं. मग शाळा त्याला परकी वाटणार नाहीं.