शिकागोचे कोतवालसाहेब आणि आयर्लंडचे सूर

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय असतो. आजवर संत झाले, समाजसुधारक झाले, गायक-वादकही झाले. यंदा संपादकांनी हे काम माझ्याकडे सोपवले तेव्हा मी एका पोलीस अधिकाऱ्याचे नाव सुचवले. तेही आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत नोकरी केलेल्या! संपादक जरा चपापलेच. वाचकही चपापतील, म्हणून हे नाव मला कुठे भेटले ते आधी सांगतो.

२०१८ साली आम्ही उभयता मुलीकडे आयर्लंडला गेलो होतो. तेव्हा ती गॉलवे शहरात राहत होती. एका संध्याकाळी जावईबापू मला तिथल्या एका पबात घेऊन गेले. (पब म्हटल्यावर भुवया उंचावण्याचे कारण नाही, मी संत्र्याचा रसच घेतला.) कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ माणसे वाद्ये घेऊन बसली होती. मंच नाही, माइक नाही, तिकीट नाही. दोन फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच, एक लाकडी आडवी बासरी, एक पत्र्याची छोटी उभी बासरी, दोन हातांत मावेल एवढी कॉन्सर्टिना नावाची पेटी आणि छोट्या दांडीने वाजवायचा बोरान नावाचा डफ. एकजण काखेखालच्या भात्याने हवा भरून इलन पाइप्स वाजवत होता. या बैठकीला तिकडे सेशन म्हणतात.

मी आपल्या मंडळात गेली तीस वर्षे आरतीला तबला धरतो, त्यामुळे माझी बोटे आपोआप टेबलावर मोजू लागली. जिग नावाचा प्रकार सहाच्या वजनाचा, आपल्या दादऱ्याला जवळचा. रील म्हणजे धावता केरवाच. स्लिप जिग मात्र नऊची, तिथे माझी थोडी फजिती झाली. प्रत्येक धून छोटी, बहुधा दोन भागांची, अस्थायी आणि अंतरा म्हणा ना. प्रत्येक भाग दोनदा, सगळी धून साधारण तीनदा, आणि मग न थांबता दुसरी धून. ड्राउझी मॅगी, मॉर्निंग ड्यू, कनॉटमॅन्स रॅम्बल्स, बॉइज ऑफ ब्लूहिल अशी गमतीदार नावे. समोर कागद कुणाच्याच नव्हता.

मध्यंतरात मी शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बासरीवाल्यांना विचारले, की हे सगळे तुमच्याकडे वडिलांकडून मुलाकडे असेच चालत आले काय? त्यांनी मान हलवली, पण अर्धीच. आत्ता वाजलेल्या बहुतेक धुना एका पुस्तकात आहेत, ते पुस्तक आयर्लंडमध्ये नव्हे तर शिकागोत तयार झाले आणि ते करणारा माणूस शिकागोचा पोलीसप्रमुख होता, असे त्यांनी सांगितले. त्या माणसाचे नाव फ्रान्सिस ओनील. मुलीकडच्या मुक्कामात आणि परत आल्यावर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. त्याचे सार येथे देत आहे.

ओनील यांचा जन्म २८ ऑगस्ट १८४८ रोजी, आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क परगण्यातील बँट्रीजवळच्या ट्रॅलिबेन या खेड्यात झाला. काळ भयंकर होता. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला होता आणि गरिबांचे मुख्य अन्नच नाहीसे झाले होते. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. गावेच्या गावे ओस पडली. माणसांबरोबर त्यांची गाणी आणि धुनाही गेल्या, कारण त्या लिहिलेल्या नव्हत्या, माणसांच्या डोक्यातच होत्या.

ओनील यांचे घर खाऊनपिऊन बरे होते. आईकडच्या आजोबांच्या घरी फिरत्या वादकांना नेहमी दार उघडे असे. आईवडील दोघांनाही जुनी गाणी पाठ होती. गावातल्या एका सधन शेतकऱ्याने मुलाला बासरीचे पहिले धडे दिले. स्वरलिपी मात्र तो कधीच शिकला नाही, सगळे कानानेच उचलले. गणितात हुशार असलेल्या या मुलाने धर्मसंस्थेत जाऊन शिक्षक व्हावे अशी घरची इच्छा होती. त्याऐवजी १८६५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो घर सोडून जहाजावर पोऱ्या म्हणून चढला.

पुढची काही वर्षे समुद्रात गेली. विशीही गाठली नव्हती तेव्हा मिनेहाहा नावाचे त्यांचे जहाज पॅसिफिकमधल्या बेकर बेटाजवळ फुटले. सुटका करणारे जहाज लहान होते, त्यावर शिधा अपुरा होता आणि होनोलुलू दूर होते. त्या जहाजावरच्या एका हवाईयन खलाशाकडे बासरी होती. ओनील यांनी ती मागून घेतली आणि आपल्या गावच्या धुना वाजवल्या. खलाशी इतका खूष झाला, की तो रोज आपल्या ताटातला घास या परक्या पोराला देऊ लागला. होनोलुलूला पोहोचल्यावर बरोबरच्या बहुतेकांना इस्पितळात न्यावे लागले, ओनील मात्र धडधाकट उतरले. धुनांनी जीव वाचवला असे म्हणतात ते त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरे होते.

त्यानंतर त्यांनी कॅलिफोर्नियाच्या डोंगरात मेंढ्या राखल्या, मिसूरी राज्यात शाळेत शिकवले, अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांवर जहाजाची कामे केली. १८७० साली ॲना रॉजर्स या आयरिश तरुणीशी त्यांचा विवाह झाला. १८७३ साली ते शिकागोच्या पोलीस दलात साधे शिपाई म्हणून लागले. महिन्याभरातच एका चोराने त्यांच्यावर गोळी झाडली. ती पाठीच्या कण्याजवळ अडकली आणि काढता आली नाही. ती गोळी शरीरात घेऊनच हा माणूस पुढे साठ वर्षांहून अधिक जगला. पायरी पायरीने चढत १९०१ साली ते शिकागोचे पोलीसप्रमुख झाले. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर सतरा लाख वस्तीच्या शहराचे कोतवाल! १९०५ साली निवृत्त होईपर्यंत ते त्या पदावर होते आणि स्वच्छ हाताचा अधिकारी असा त्यांचा लौकिक होता.

आता मुख्य गोष्ट. त्या काळचे शिकागो म्हणजे आयरिश लोकांचे दुसरे घरच होते. आयर्लंडच्या प्रत्येक परगण्यातली माणसे तिथे कारखान्यांत, गोद्यांत, रेल्वेत, पोलिसात काम करत होती. गावी असते तर मेयोचा वादक आणि कॉर्कचा वादक जन्मात एकमेकांना भेटले नसते. शिकागोत ते एकाच गल्लीत राहत होते. ओनील यांच्या ध्यानात आले, की आपल्या देशाचे सगळे संगीत ट्रामच्या एका तिकिटाच्या अंतरावर येऊन बसले आहे, आणि ही पिढी संपली की तेही संपणार आहे.

सुरुवात त्यांनी आईवडिलांकडून ऐकलेल्या धुनांपासून केली. अडचण एकच, लिहिता येत नव्हते. योगायोगाने पोलीस दलातच जेम्स ओनील नावाचे फिडलवादक होते. आडनाव एकच, नाते काहीही नाही, हे उत्तरेकडचे आणि ते दक्षिणेकडचे. जेम्स यांना स्वरलिपी उत्तम येत असे. मग ड्यूटी संपल्यावर फ्रान्सिस यांनी धून वाजवायची किंवा गुणगुणायची आणि जेम्स यांनी ती टिपून, परत वाजवून दाखवायची, असा क्रम सुरू झाला. आईवडिलांच्या धुना संपल्या तसे इतर वादक आले. जॉन मॅकफॅडन, एडवर्ड क्रोनिन, जेम्स अर्ली, पॅट्सी टूही अशी ती माणसे. पाइपवादक बर्नार्ड डिलेनी यांना तर साहेबांनी पोलिसातच नोकरी लावून दिली. सगळेच उदार होते असे नाही. काहीजण आपली खास धून दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून जपत. घराण्याची चीज लपवून ठेवणारे बुवा आपल्याला काही नवे नाहीत! अशांकडून धून काढून घ्यायला पोलिसी चिकाटीच लागत असणार.

१९०३ साली ‘म्युझिक ऑफ आयर्लंड’ प्रसिद्ध झाले. त्यात १८५० धुना होत्या. १९०७ साली केवळ नाचाच्या १००१ धुनांचे दुसरे पुस्तक आले आणि पुढे आयर्लंडच्या वादकांमध्ये ते नुसते ‘पुस्तक’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. पुढे १९१३ साली त्यांनी शेकडो वादकांची चरित्रे लिहिली, ज्यांतल्या कित्येकांचे नाव त्यांनी टिपले नसते तर कुणालाही कळले नसते. एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यांवर त्यांनी वादकांचे ध्वनिमुद्रणही केले. त्यातली काही नळकांडी शंभर वर्षांनी मिलवॉकीच्या एका कुटुंबाकडे सापडली आणि आज ती ऐकता येतात. हा सगळा खटाटोप बव्हंशी पदरमोड करून चालला होता.

टीकाही झाली. एकच धून दोन नावांनी दोनदा आली आहे, काही धुना मूळच्या स्कॉटलंडच्या आहेत, असे जाणकारांनी दाखवून दिले आणि त्यात तथ्य होते. शिकागोत वादकांचा एक क्लबही निघाला होता. काही वर्षे जोरात चालला आणि मग आपसातल्या रुसव्याफुगव्यांनी मोडला. (मंडळाचे कामकाज पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको.) १९०६ साली ओनील मायदेशी गेले, पण लहानपणी ऐकलेले पाइपवाले त्यांच्या मुलखात जवळजवळ उरलेच नव्हते. जे शिकागोत भरभरून होते, ते गावी आटत चालले होते.

या यशाच्या मागे एक मोठे दुःख आहे. ओनील दाम्पत्याला दहा मुले झाली आणि त्यांतली अनेक लहानपणीच गेली. १९०४ साली, पहिले पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच, रॉजर्स हा त्यांचा तरुण, शिकत असलेला मुलगा मेंदूज्वराने गेला. त्यानंतर ॲनाबाईंनी घरात वाद्य वाजू दिले नाही. विचार करा, ज्या माणसाने हजारो धुना मरणाच्या दारातून परत आणल्या, त्याच्या स्वतःच्या घरात एकही वाजत नव्हती. तरी त्यांनी काम सोडले नाही आणि पत्नीचा शब्दही मोडला नाही. दुसरे पुस्तक, चरित्रे, सारे त्यानंतरचेच. १९३१ साली त्यांनी आपला ग्रंथसंग्रह नोटर डेम विद्यापीठाला दिला आणि जानेवारी १९३६ मध्ये शिकागोतच त्यांचे निधन झाले. आज ट्रॅलिबेनला त्यांचा बासरी वाजवतानाचा पुतळा आहे.

हे सारे वाचताना मला आणखी एक गंमत कळली. मी पाहिलेली ती पबातली बैठक मला फार प्राचीन वाटली होती. प्रत्यक्षात ती पद्धत रुजली दुसऱ्या महायुद्धानंतर, लंडनमध्ये मजुरीला गेलेल्या आयरिश लोकांत. खोल्या लहान, शेजारी कुरकुरणार, म्हणून ते पबात जमू लागले. तिथून ती आयर्लंडला पोहोचली. तसेच स्लायगोचे फिडलवादक मायकेल कोलमन १९१४ साली अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या त्यांच्या तबकड्या मायदेशी गेल्या आणि १९३४ साली त्यांनी एकामागोमाग वाजवलेल्या तीन रील आजही सेशनमध्ये त्याच क्रमाने वाजतात. म्हणजे पुस्तक शिकागोचे, तबकडी न्यूयॉर्कची, बैठक लंडनची. घरच्यांना वाटते आपले आपल्यापाशीच आहे, ते कुठे जाणार? बाहेर पडलेल्याला ती खात्री नसते, म्हणून तो टिपून ठेवतो.

आपणही जबलपुरात तीन-चार पिढ्यांपासून बाहेरचेच आहोत. म्हणून शेवटी एक कबुली देतो. आपल्या मंडळात आरती सांगणारे काका कोरोनाच्या काळात, २०२१ साली गेले. विसर्जनाच्या आदल्या रात्री ते एक जुने पद म्हणत. ते त्यांच्या आजीने कोकणातून येताना बरोबर आणले होते. त्याची चाल मी दुसऱ्या कुठेही ऐकली नाही. मी त्यांच्या शेजारी बसून तीस वर्षांतली बहुतेक वर्षे त्या पदाला ठेका धरला. शेवटची दहा वर्षे माझ्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन होता. ओनीलसाहेबांचे चरित्र मला तेव्हा माहीतही झाले होते, आणि तरी मला एकदाही सुचले नाही. आता पहिली ओळ आठवते, तिची चाल अर्धीमुर्धी आठवते, पुढचे गेले.

म्हणून या वर्षी गणपतीच्या दहा दिवसांत दुपारी तीन ते पाच मी मंडपात वही आणि फोन घेऊन बसणार आहे. ज्यांच्या घरी आजी-आजोबांची एखादी ओवी, भूपाळी, पाळणा, आरतीची वेगळी चाल असेल, त्यांनी ती येऊन म्हणून दाखवावी. आवाज चांगला नसला तरी चालेल. मला स्वरलिपी बेताचीच येते, पण एखादा जेम्स आपल्यातही नक्की निघेल. आणि काकांचे ते पद कुणाला पुढचे येत असेल, तर कृपया पहिल्याच दिवशी यावे.

गणपती बाप्पा मोरया!