कवट्या मोजल्या, वंशाशी संबंध सापडला नाही! इरावती कर्वे यांचे बर्लिनमधील संशोधन

दोन गोष्टी सोबत किती वाढतात-घटतात, हे सहसंबंध गुणांक सांगतो. तो उणे १ ते अधिक १ या दरम्यान असतो. तो शून्याजवळ असेल, तर सरळ रेषेतला संबंध जवळपास नाही. जालन्यात उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या वाढतात, रसवंतीवरची गर्दीही वाढते. पण टँकरमुळे गर्दी होत नाही. दोन्हींचे कारण ऊन. म्हणून प्रश्न दोन. संबंध आहे का? असल्यास एक दुसऱ्याचे कारण आहे का?

बर्लिनमध्ये काय घडले?
१९०५ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाई पुण्यात शिकल्या आणि पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू अधिक असमान असतात, म्हणून त्यांची तर्कबुद्धी श्रेष्ठ, असे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे मत होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता होती, पण तिचा वंशाशी संबंध दिसला नाही. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले. बुद्धीचा मुद्दा आपोआप निराधार ठरला. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी तसाच मांडला. फिशर यांच्या वंशविचाराचा आधार पुढे नाझी राजवटीने घेतला.

पुढे काय?
पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे संशोधन केले. वि. म. दांडेकर यांच्यासोबत महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनांचा अभ्यासही केला. ‘युगान्त’मुळे त्या घराघरात पोहोचल्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

मोबाइलवर ‘अमुकामुळे तमुक’ असा दावा आला, तर आधी तेच दोन प्रश्न विचारावेत.