फ्रँक बकलंड

फ्रान्सिस ट्रेव्हेलियन ऊर्फ फ्रँक बकलंड (१७ डिसेंबर १८२६, ऑक्सफर्ड – १९ डिसेंबर १८८०, लंडन) हे इंग्लंडमधील शल्यचिकित्सक, निसर्ग-अभ्यासक आणि लोकप्रिय लेखक होते. मत्स्यसंवर्धनातील त्यांचे कार्य भरीव असले, तरी सामान्य वाचकांना ते ठाऊक आहेत ते हाती येईल तो प्राणी शिजवून पाहण्याच्या विलक्षण हौसेमुळे. या जिज्ञासेपायी एकदा ते नागाच्या विषाने मरता मरता वाचले.

घराणे आणि शिक्षण

वडील विल्यम बकलंड हे धर्मोपदेशक व नामवंत भूवैज्ञानिक. मेगॅलोसॉरस या डायनोसॉरचे शास्त्रीय वर्णन त्यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. आई मेरी या जीवाश्मांच्या जाणकार आणि चित्रकार होत्या. घरच्या पंक्तीत भाजलेल्या पावावर उंदीर वाढले जात, तेव्हा मुलालाही तेच वळण लागले. विंचेस्टर व ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर फ्रँक यांनी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शल्यविद्या आत्मसात केली. १८५४ ते १८६३ या काळात ते लष्करी पथकात साहाय्यक शल्यचिकित्सक होते.

खाद्यप्रयोग

गेंड्याच्या मांसाची पाय, हत्तीच्या सोंडेचे सूप, आगीत होरपळून मेलेला जिराफ, असे अनेक पदार्थ त्यांनी चाखले. प्राणिसंग्रहालयात मरून पुरला गेलेला बिबट्या त्यांनी उकरून मागवला होता. तो काही रुचकर लागला नाही. एकदा दुपारच्या जेवणासाठी विषारी व्हायपर सापही रांधला गेला. सापाचे विष पोटात गेले तर सहसा पचते, रक्तात मिसळले की घात करते. पण तोंडात वा बोटावर बारीकशी जखम असेल तर हा भेद कोणाच्याही कामी येत नाही. बकलंड यांना याचा अनुभव आला तो स्वयंपाकघराबाहेर.

नागाचे विष

नागाने दंश करून मारलेल्या एका उंदराची कातडी सोलून, दाताच्या खुणा पाहण्यासाठी बकलंड यांनी आतला भाग नखाने खरवडला. त्याआधी चाकूने नखे साफ करताना नखाखालची त्वचा किंचित सुटली होती. तेवढ्या फटीतून विष शिरले. रस्त्याने शंभरेक पावले जाण्याच्या आतच मागून डोक्यात व मानेवर कोणी प्रहार करावा तसे त्यांना झाले. छातीत कळा येऊ लागल्या. कसेबसे औषधविक्रेत्याचे दुकान गाठून ते अमोनियाचे द्रावण प्याले आणि पुढे मित्राच्या घरी ब्रँडी घेतली. ते बचावले, ते या उपचारांमुळे नव्हे, तर विषाची मात्रा अत्यल्प होती म्हणून, असेच मानावे लागते. सर्पविषावरील प्रतिविष आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात, म्हणजे बकलंड यांच्या मृत्यूनंतर, तयार केले. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ते बनू लागले.

हा प्रसंग आपल्याकडे केवळ गमतीचा म्हणून वाचता येत नाही. गिरणाकाठी भडगाव परिसरात आणि एकूणच खानदेशात कपाशीच्या शेतात वा केळीच्या बागेत राबणाऱ्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे नित्याचे भय असते. मेलेला साप हाताळणेही धोक्याचे, कारण त्याच्या दातांत विष उरलेले असते. दंश झाल्यावर मांत्रिकाकडे दवडलेला वेळ बहुधा परत मिळत नाही. घोरपड, खवले मांजर यांसारखे प्राणी औषधी किंवा चविष्ट म्हणून खाणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

मत्स्यसंवर्धन व लेखन

१८६० मध्ये परदेशी प्राणी इंग्लंडात रुजवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेत बकलंड यांचा पुढाकार होता. खाद्यप्रयोगांमागे नवे अन्न शोधण्याचा हाच विचार होता, निव्वळ चोचले नव्हते. १८६६ मध्ये त्यांनी ‘लँड अँड वॉटर’ हे नियतकालिक सुरू केले. १८६७ मध्ये सॅमन मत्स्योद्योगाचे सरकारी निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. नद्यांतील बांध, कारखान्यांचे सांडपाणी आणि माशांच्या वाटा यांची पाहणी करीत ते थंड पाण्यात उतरत. ‘क्युरिऑसिटीज ऑफ नॅचरल हिस्टरी’ या त्यांच्या लेखमालेचे चार भाग निघाले. साउथ केन्सिंग्टन येथे उभारलेला मत्स्यसंग्रह त्यांनी मृत्युपत्राद्वारे राष्ट्राला दिला. लंडनच्या ब्रॉम्प्टन स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले.