श्रीमंत सयाजीराव आणि मामांची मोटार

गेल्या मे महिन्यात आईबरोबर मी बडोद्याला मामांकडे गेले होते. बेळगावच्या आमच्या घरी बाबांशी कानडी आणि आईशी मराठी असा दुहेरी व्यवहार चालतो. मामांच्या घरी आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, एवढाच फरक. त्या घराच्या अंगणात आजोबांनी १९७४ साली घेतलेली मोटार अजून उभी आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची बैठक सलग. आजोबा गेल्याला बारा वर्षे झाली, पण मामा दर रविवारी ती पुसतात, आणि महिन्यातून दोनदा आजीला तिच्यातूनच दवाखान्यात नेतात.

या मोटारीवरून यंदा घरात दोन तट पडले होते. माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, नुकता नोकरीला लागला आहे. पहिल्या सहा महिन्यांच्या पगारातून गाडीत वातानुकूलन बसवायचे, इंजिन बदलायचे, रुंद चाके लावायची असा त्याचा बेत. बडोद्याच्या उन्हाळ्यात आजीला उकळत्या डब्यात बसवून नेणे त्याला पाहवत नाही. मामांचे म्हणणे असे की, गाडी पन्नास वर्षांची झाली आहे. तिला हात न लावता ठेवली तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची जुनी व दुर्मिळ वाहन म्हणून वेगळी नोंदणी होईल. पण त्या नियमांत एक मेख आहे. चासी, सांगाडा आणि इंजिन मूळचे हवे, आणि अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, शर्यतीची फेरी, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच न्यायची. म्हणजे गाडी मूळची ठेवली तर आजी रिक्षात, आणि आजी गाडीत बसली तर गाडी मूळची नाही! दादाचीही वाट मोकळी नव्हती. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलेच आहे. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी हवी.

वाद वाढला की मामा हटकून श्रीमंत सयाजीरावांचे नाव काढत. महाराजांनी जुने मोडले नाही म्हणून बडोदे उभे आहे, असे त्यांचे मत. दादाही महाराजांचेच नाव घेई. महाराजांनी जुने मोडले म्हणूनच बडोदे उभे आहे, असे त्याचे मत! बडोद्यात प्रत्येक वादात महाराज दोन्ही पक्षांचे साक्षीदार असतात. शेवटी मी मामांच्या कपाटातली पुस्तके काढून सुट्टीभर महाराजांचे चरित्रच वाचत बसले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी झाला. नाव गोपाळराव. घर गायकवाडांच्या दूरच्या शाखेचे, पण व्यवसाय शेतीचा. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले, तेव्हा खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी २७ मे रोजी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. निवडीच्या वेळची त्याच्या हजरजबाबीपणाची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे, ती पुन्हा सांगत नाही. मला जास्त लक्षात राहिली ती पुढची गोष्ट. अक्षरओळख नसलेला हा मुलगा काही वर्षे एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली पहाटेपासून रात्रीपर्यंत घडवला जात होता. दिवाण राजा सर टी. माधवराव त्याला राज्यकारभार शिकवीत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठराव्या वर्षी त्याच्या हाती राज्य आले. मूळचा कवळाण्याचा मुलगा त्यात किती उरला होता आणि किती बदलला होता, हे सांगणे अवघड आहे. मराठी मात्र शेवटपर्यंत राहिले.

आता मोटारीच्या वादाला जवळची अशी जी गोष्ट या राज्यात घडली, ती रेल्वेची. तिची सुरुवात महाराजांच्या आधीची आहे. १८६२ साली खंडेरावांनी डभोई ते मियागाव अशी सुमारे वीस मैलांची आगगाडी सुरू केली. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. आणि ओढायला इंजिन नव्हे, बैल! पुढच्या वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीचे इंजिन आले. पण रूळ होते एका यार्डाला १३ पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किलो. आज आपल्या मोठ्या मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, यावरून कल्पना यावी. त्या काडीसारख्या रुळांवर इंजिनाचा भार पेलेना, आणि आणलेले इंजिन असूनही गाडी मुख्यतः बैलच ओढत राहिले. १८७३ साली जड रूळ नव्याने टाकले तेव्हा कुठे इंजिनाला नीट काम मिळाले. दहा वर्षे लागली. मी ही हकिकत रात्री जेवताना वाचून दाखवली, तेव्हा दादा जरा गप्प झाला. त्याच्या बेतात इंजिन आणि चाकांचा हिशेब होता, पण जुन्या सांगाड्याचा आणि ब्रेकचा नव्हता.

सयाजीरावांनी हा अडीच फुटी मार्ग मोडून मोठा केला नाही. कापसाच्या मुलुखातून माल मोठ्या मार्गापर्यंत आणायला तो पुरेसा आणि स्वस्त होता. त्यांच्या काळात त्याच मापाने फाटे वाढत गेले. डभोई हे लहान रुळांचे आशियातील सर्वांत मोठे जंक्शन म्हणून पुढे नावाजले. पण म्हणून अडीच फूट हेच राज्याचे माप, असाही हट्ट त्यांनी धरला नाही. मेहसाणा ते वडनगर मार्ग १८८७ साली झाला तो मीटर मापाचा, कारण मेहसाण्यावरून जाणारा शेजारचा मोठा मार्ग मीटरचा होता. डबे न बदलता माल पुढे जायला हवा होता. एकाच राज्यात दोन मापे! कागदावर हे विसंगत दिसते. जमाखर्च मांडून पाहिला, तर (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून सांगते) नाही. त्या लहान मार्गांपैकी डभोई ते चांदोद हा पुढे मोठ्या मापाचा झाला आणि जानेवारी २०२१ पासून त्यावरून केवडियापर्यंत गाड्या जाऊ लागल्या.

लक्ष्मीविलास राजवाड्याची गोष्टही अशीच आहे. वास्तुकार मेजर मँट यांनी आराखडा केला, पण १८८१ साली त्यांनी आत्महत्या केली. आपले हिशेब चुकले आहेत, इमारत टिकणार नाही, या धास्तीने ते खचले होते असे सांगतात. त्यांच्यामागे काम घेतलेल्या रॉबर्ट चिझम यांनी आराखडा फेकून दिला नाही, वाडा १८९० साली पुरा केला, आणि तो आजही उभा आहे. त्याच चिझम यांनी बडोदा कॉलेजच्या इमारतीवर जो घुमट चढवला तो विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे वाचून बरे वाटेल. मला तरी तो घुमट पाहून परगावी शेजारी भेटल्यासारखे वाटले. वाड्याच्या आवारात राजघराण्यातील मुलांसाठी छोटी आगगाडी होती. तिच्यात बसून मुले शाळेत जात. त्या शाळेच्या इमारतीत आता महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे.

ग्रंथालयाच्या कामात महाराजांची रीत सर्वांत स्पष्ट दिसते. अमेरिकेच्या प्रवासात तिकडची मोफत ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यास आणले. अमेरिकेतील वर्गीकरण उचलून इथे बसवणे सोपे होते. बॉर्डन यांनी तसे न करता कटर आणि ड्यूई यांच्या दोन पद्धती एकत्र करून बडोद्याची वेगळी पद्धत तयार केली. खेड्यांसाठी तर निराळीच युक्ती. कुलूपबंद लाकडी पेट्यांत थोडी थोडी पुस्तके भरून त्या गावोगाव फिरवल्या. जिथे इमारत परवडत नाही तिथे पेटी. गावाने वर्गणी जमवली की सरकार आणि पंचायत तितकीच भर घालीत.

शिक्षणाचेही तसेच. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत करून पाहिले, आणि तेरा वर्षांनी, १९०६ साली, साऱ्या राज्याला लागू केले. १८९० साली निघालेल्या कलाभवनात धंदेशिक्षण देशी भाषेतून द्यावे असा प्राध्यापक गज्जर यांचा प्रयत्न होता. चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. कारभारातील शब्द लोकांना कळावेत म्हणून आठ भाषांचा शासन शब्दकोश १९३१ साली छापला. २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा निघाली, हे आमच्या वर्गाला सांगायला नको.

पण महाराजांना प्रत्येक ठिकाणी बदल साधला असे मात्र नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे तीन वेळा लवून, पाठ न दाखवता मागे सरायचे असा रिवाज होता. ते एकदाच लवले आणि पाठ फिरवून निघाले. एवढ्याशा फरकाने विलायतेपर्यंत गहजब झाला आणि माफीचे पत्र लिहावे लागले.

त्याहून मोठी गोष्ट १९१७ ची. महाराजांनी ज्यांना शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पाठवले होते, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात आले. अस्पृश्यांसाठी महाराजांनी राज्याच्या पहिल्या वर्षांतच शाळा काढल्या होत्या. सवर्ण शिक्षक मिळेनात तेव्हा मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमून त्या चालवल्या. कायदा होता, हुकूम होता, पैसा होता. तरी त्याच राज्याच्या कचेरीत शिपाई आंबेडकरांच्या हाती कागद न देता लांबून टाकीत. शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी वसतिगृहात नाव लपवून राहावे लागले, आणि तेही कळताच लोक काठ्या घेऊन आले. कामाठीबागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी बडोदे सोडले. तिथे आता संकल्पभूमी आहे. मी एका सकाळी तिथे गेले होते. चरित्राच्या बहुतेक पुस्तकांत शिष्यवृत्तीवर पानेच्या पाने असतात आणि या दिवसांवर अर्धे पान. मला हे पटले नाही. महाराजांनी रूळ बदलले, घुमट आणला, पेट्या फिरवल्या. पण आपल्याच कचेरीतल्या माणसांचा सांगाडा त्यांना बदलता आला नाही, आणि त्या सांगाड्यावर त्यांनी सर्वांत मोठा भार टाकला. दोष त्यांचा किती आणि शहराचा किती, हे मला ठरवता येत नाही. पण आंबेडकरांच्या राहण्याची सोय राजाला करता आली असती, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

घरातही महाराजांना सुख थोडे. पहिल्या राणीसाहेब १८८५ साली गेल्या. वडील चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ साली वारले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. राज्य केले त्रेसष्ट वर्षे. गादीवर नातू प्रतापसिंहराव आले, आणि दहा वर्षांत संस्थानच मुंबई प्रांतात विलीन झाले.

एवढे वाचून झाल्यावर मी मामांना आणि दादाला विचारले की, महाराज नक्की कोणाच्या बाजूचे? दोघेही आपापल्या मतावर कायम! तरी एक झाले. एका रविवारी दोघे मिळून गाडी रावपुऱ्याच्या बाजूच्या एका जुन्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. त्याने बॉनेट उघडून बराच वेळ पाहिले आणि सांगितले की, या इंजिनावर वातानुकूलनाचा बोजा टाकला तर एप्रिलमध्ये ते रस्त्यातच उकळेल. रेडिएटर मोठा करा, जुन्या तारा काढून नव्या घाला, ब्रेक तपासा, मग पाहू. दादाचे सहा महिन्यांचे पैसे बहुतेक तारांत आणि ब्रेकमध्येच जातील. वेगळ्या नोंदणीचा अर्ज मामांनी भरून ठेवला आहे, पण अजून दिलेला नाही.

परतीच्या आदल्या दिवशी माझ्या लक्षात आले की आजीला कोणी विचारलेच नव्हते. मी विचारले. तिला गार हवा नको होती आणि गाडीची नोंदणी कशी आहे याच्याशीही तिला कर्तव्य नव्हते. तिच्या बाजूच्या दाराची काच तीन वर्षांपासून खाली होत नाही, तेवढी कोणीतरी नीट करून द्यावी, असे तिचे म्हणणे होते.