एकट्याने काढलेली रात्र

सबमिशनच्या आदल्या रात्री ड्रॉइंग शीट पार्टनरच्या हातात द्यायला माझा जीव होत नाही. म्हणूनच पिएर लव्हेग मला जवळचा वाटतो.

१९०५ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या रेसरचं खरं आडनाव बुइयाँ. काका लव्हेग या टोपणनावाने रेस करायचे, तेच नाव पुतण्याने घेतलं.

१९५२ साल. फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत. जोडीला दुसरा ड्रायव्हर तयार होता, पण ४६ वर्षांच्या लव्हेगने टॅल्बो गाडीचं स्टिअरिंग सोडलंच नाही. २२ तासांहून जास्त वेळ एकटाच! मर्सिडीजच्या गाड्या सुमारे ४ फेऱ्या मागे. आणि जेमतेम सव्वा तास उरला असताना इंजिन गेलं. थकव्यात चुकीचा गिअर पडला, असं बरेच जण म्हणाले. त्याचं म्हणणं वेगळं होतं. इंजिनची थरथर त्याला आधीच जाणवली होती आणि ते आपणच सांभाळू शकतो असं त्याला वाटलं.

१९५५ मध्ये त्याच मर्सिडीजने त्याला ल माँसाठी गाडी दिली. ११ जूनला समोर अचानक आडव्या आलेल्या गाडीवर आदळून ती प्रेक्षकांच्या दिशेने उडाली. तो गेला, ८० हून अधिक प्रेक्षकही गेले. चौकशीत कुणाही ड्रायव्हरला दोषी धरलं नाही.

आज ल माँमध्ये एका ड्रायव्हरला एकूण १४ तासांहून जास्त गाडी चालवता येत नाही. १९५२ ला तो नुसता हट्ट होता की इंजिनची जाण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पुढच्या सबमिशनला अर्धं काम पार्टनरला देणार, एवढं नक्की!